डब्यात अकराच चिठ्ठ्या

नेरूळहून आलेलं पत्र. नाव गाळलंय आणि थोडं आवरतं घेतलंय.

«ताई, आमच्या सोसायटीत १२ जणींची भिशी आहे. महिना ५,०००, दर ५ तारखेला एकीला ६०,०००. नऊ वर्षं मी चालवते. पैसे जीपेने माझ्याकडे येतात आणि पाठवल्याचा स्क्रीनशॉट प्रत्येकीने ग्रुपवर टाकायचा असतो. पहिली भिशी प्रथेप्रमाणे माझी, पुढच्या चिठ्ठी काढून. यंदा तिसरी भिशी तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीला लागली. पाचव्या महिन्यात तिने पैसे ११ दिवस उशिरा दिले. सहाव्या आणि सातव्या महिन्याचे दिलेच नाहीत. तिच्या यजमानांची नोकरी गेलीय हे मला माहीत आहे, म्हणून दोन्ही वेळा तिचे ५,००० मी घातले आणि कुणाला बोलले नाही. ज्यांची भिशी होती त्यांना पूर्ण रक्कम वेळेवर मिळाली. तरीही आता आणखी दोघी रेंगाळायला लागल्या आहेत. एकीने ९ तारखेला दिले, दुसरीने १२ ला. गंमत म्हणजे त्या दोघींची भिशी अजून लागायचीच आहे! ग्रुपवर एकीने लिहिलं, ‘आपल्यालाच काय घाई?’ कुणी म्हणतं दिवसाला ५० रुपये दंड लावा, कुणी म्हणतं जी देत नाही तिचं नाव ग्रुपवर टाका. वही मी ठेवायची, तगादा मी लावायचा आणि वर तोंडं वाकडी करायची तीही माझ्याकडेच बघून. दंड लावू, नाव टाकू, की वर्ष संपलं की भिशी बंदच करू?»

तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे मी नंतर येते. आधी त्या दोघींबद्दल बोलू या, ज्या आजवर वेळेवर देत होत्या आणि आता ९ आणि १२ तारखेला देतात. तुम्हाला त्यांच्या वागण्याची गंमत वाटते. मला मात्र तुमच्या पत्रातली सगळ्यांत सरळ गोष्ट तीच वाटली.

त्यांना काय दिसलं ते बघा. ५ तारखेला ग्रुपवर अकरा स्क्रीनशॉट आले, बारावा आला नाही. तरी ज्या बाईची भिशी होती तिला ६०,००० पोचले. दुसऱ्या महिन्यातही तसंच. पैसे तुम्ही घातलेत हे त्यांना ठाऊक नाही. मग त्यांनी काय समजायचं? एक तर तिसऱ्या मजल्याला तुमची खास सवलत आहे. नाही तर एकीने नाही दिले तरी भिशी कशी का होईना भरते. तुम्ही मायेपोटी मूठ झाकलीत, पण झाकलेल्या मुठीत प्रत्येकीला आपापल्या मनातलं दिसतं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात ना, तो असा सोकावतो.

झुरिकच्या विद्यापीठातल्या अर्न्स्ट फेर आणि सायमन गेश्टर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग भिशी चालवणारीने तरी माहीत करून घ्यावा असा आहे. चार अनोळखी माणसांचा गट, प्रत्येकाकडे २० नाणी. हवी तेवढी सामाईक पेटीत टाकायची, उरलेली आपली. पेटीत पडलेल्या दर नाण्यामागे चौघांनाही ०.४ नाणं मिळतं, टाकणाऱ्याला आणि न टाकणाऱ्याला सारखंच. चौघांनी सगळी टाकली तर प्रत्येकाच्या २० ची ३२ होतात. पण तिघांनी टाकली आणि एकाने हात आखडला, तर त्या एकाची ४४ होतात. पहिल्या फेरीला माणसं साधारण निम्मी नाणी टाकतात. मग दर फेरीला थोडी थोडी कमी आणि दहाव्या फेरीपर्यंत पेटी जवळजवळ रिकामी.

हे लोभाने होतं असं वाटेल. पण पुढच्याच वर्षी याच दोघांनी उर्स फिशबाकर यांच्याबरोबर ४४ जणांना वेगळ्या तऱ्हेने विचारलं: बाकीच्यांनी सरासरी इतकी टाकली तर तुम्ही किती टाकाल? निम्म्या जणांचं उत्तर होतं, ते टाकतील त्या मानाने आम्हीही टाकू. काहीही झालं तरी एक नाणं टाकणार नाही म्हणणारे सुमारे ३० टक्के होते. पेटी रिकामी होते त्यात या ३० टक्क्यांचा हात आहेच, पण तेवढ्याने ती तळाला जात नाही. उरलेले निम्मे त्यांच्याकडे बघून हात आवरतात म्हणून जाते. मूर्ख ठरायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात असतं.

तुमच्या त्या दोघी याच निम्म्यांतल्या आहेत. आणि त्यांना भीती वाटायला कारणही आहे. भिशीत सगळ्याजणी एका जागी उभ्या नसतात. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६२ साली अशा मंडळांवर लिहिलं होतं. जावा बेटावर भिशीला ‘अरिसान’ म्हणतात आणि तिथेही आपल्यासारखंच चहा-फराळाबरोबर हे चालतं. नाव काही असो, आतली गोष्ट एकच. आधी उचलणारी कर्ज घेते आणि शेवटी उचलणारी कर्ज देते, तेही बिनव्याजी आणि बिनकागदी. सात महिने झाले, म्हणजे सात जणींनी उचललेत, तुम्ही धरून. पाच जणी राहिल्यात. त्यांचे प्रत्येकी ३५,००० आत आहेत आणि हातात काही नाही.

आता हिशेब मांडू. तिसऱ्या मजल्याने ६०,००० उचलले आणि आजवर २५,००० भरले. ३५,००० येणं आहे: १०,००० तुमचे, २५,००० पुढच्या पाच महिन्यांचे. उद्या तिला एकही रुपया देता आला नाही आणि तुम्हीही पदरचे घालायचे थांबलात, तर पुढच्या पाचही भिश्या ५५,००० च्या होतील. तो फटका बसेल तो नेमका ज्या थांबल्या त्यांना. ज्यांनी उचललं त्यांच्या केसालाही धक्का नाही. त्या दोघींनी हे कागदावर मांडलं नसेल, पण माणसाला असला हिशेब मांडावा लागत नाही, पोटात कळतो. म्हणून चार दिवस वाट बघून, बाकीच्यांचे स्क्रीनशॉट आले का ते पाहून त्या पैसे सोडतात.

तेव्हा त्यांना तगादा लावू नका.

दंडाचं म्हणाल तर मी विरोधात आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांची गोष्ट आहे. आईवडील मुलांना न्यायला उशीर करायचे, शिक्षिका ताटकळायच्या. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या संशोधकांनी त्यातल्या सहा ठिकाणी दहा मिनिटांहून जास्त उशिराला १० शेकेल दंड सुरू करवला. उशीर करणारे वाढले, जवळपास दुप्पट झाले. आधी उशीर झाला की मान खाली जायची. आता पैसे मोजले की प्रश्न मिटत होता. याहून वाईट पुढे झालं: दंड बंद केला तरी उशीर खाली आला नाही. त्यांचा निबंध २००० सालचा आहे. दिवसाला ५० रुपये म्हणजे दहा दिवसांचे ५००. ५,००० दहा दिवस वापरायचे ५०० रुपये हा सावकारी दर झाला खरा, पण नड असलेली बाई तो मोजेल आणि मोजल्यावर तिला कुणाला तोंड चुकवावं लागणार नाही. ज्या मैत्रिणीकडे ५,००० च नाहीत तिच्यावर आणखी ५०० चढवून काय साधणार, हा प्रश्न निराळाच.

नाव टाकण्याबद्दल मी इतकी ठाम नाही. फेर आणि गेश्टर यांच्या प्रयोगात एक पुढची पायरी होती: स्वतःचं नाणं खर्चून चुकाराची नाणी कापता येत होती. ही सोय दिली आणि पेटी भरू लागली. २००२ साली त्यांनी तोच खेळ असा मांडला की एकदा गाठ पडलेली माणसं पुन्हा समोर येणारच नव्हती, म्हणजे शिक्षा करून स्वतःचा काही फायदा नाही. तरी लोकांनी पदरची नाणी मोजून शिक्षा केली. राग आला होता म्हणून. तेव्हा ‘नाव टाका’ म्हणणारी तुमची मैत्रीण दुष्ट आहे असं समजू नका. फुकटखाऊचा राग येतो म्हणूनच चारचौघांची कामं टिकतात.

पण प्रयोगशाळेत माणसं एकमेकांना चेहऱ्याने ओळखत नव्हती. तुम्हाला एकाच लिफ्टमधून जायचं आहे. शिवाय हाच खेळ १६ शहरांत खेळवला तेव्हा (२००८) बॉस्टन, कोपनहेगनमध्ये शिक्षा बहुतेक चुकारांनाच झाली, तर अथेन्स, मस्कतसारख्या ठिकाणी पुष्कळ जणांनी भरपूर देणाऱ्यांनाच शिक्षा केली. त्यातली बरीचशी उट्टं काढण्याची असावी, असा संशोधकांचा कयास. फार चांगलं वागणारीवर लोक खार खातात, हे कळायला आपल्याला अथेन्सला जावं लागत नाही म्हणा. ग्रुपवर नाव पडलं तर तिसरा मजला गप्प बसणार नाही. काहीतरी निघेल. आणि ताई, जे निघेल ते तुमच्याबद्दल निघेल.

का, ते सांगते. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही इतक्या सहज लिहून गेलात की मी ते दोनदा वाचलं: ‘पहिली भिशी प्रथेप्रमाणे माझी.’

नऊ वर्षं. दर वर्षी ६०,००० पहिल्याच महिन्यात, स्वतःचे ५,००० भरून. डब्यात बारा नव्हे, अकराच चिठ्ठ्या. भिशी चालवणारीने पहिली उचलायची हा रिवाज पुष्कळ ठिकाणी आहे, माझ्या आईच्या भिशीतही होता. त्यात गैर काही नाही. वही, तगादा, कुणाचं राहिलं तर पदरचं घालणं, याचा तो मेहनताना. पण हे कुणी कधी ठरवलं? तुम्ही सगळ्यांना विचारलं होतं, की पहिल्या वर्षी घडलं आणि मग प्रथा झाली? तुम्हाला ती बिनमोल सेवा वाटते. बाकीच्यांच्या हिशेबी तुमची मजुरी नऊ वर्षं पोचती होत आलेली आहे.

यात कुणी लबाड नाही. मायकेल रॉस आणि फियोरे सिकोली यांनी १९७९ साली नवराबायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं, की घरातल्या कुठल्या कामात तुमचा वाटा किती. दोघांचे आकडे मिळवले तर बहुतेक कामांत बेरीज शंभराच्या वर जात होती. मला त्यातलं आवडलेलं म्हणजे, भांडण उकरून काढण्यासारख्या गोष्टींतही तसंच झालं. म्हणजे बढाई मारायची म्हणून नव्हे. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपण पाहिलेलंच नसतं. तुम्हाला तगाद्याचे सगळे फोन आठवतात. त्यांना दर वर्षीची पहिली भिशी आठवते.

म्हणून मैत्रिणीला दिलेली सूट त्यांना दया म्हणून दिसत नाही, वशिला म्हणून दिसते. आधीच एक चिठ्ठी डब्याबाहेर होती, आता दुसरीही बाहेर गेली.

बारावी भिशी लागलेली बाई आजवर का कुरकुरली नाही, याचा कधी विचार केलात? तिला तर वर्षभर भरून स्वतःचेच ६०,००० मिळतात. ती कुरकुरत नाही, कारण डबा तिच्यासमोर हलला होता आणि चिठ्ठी कुणाच्या तरी लहान मुलाने काढली होती. टॉम टायलर यांनी १९८४ साली शिकागोतल्या १,५७५ लोकांना पोलीस आणि कोर्टाचे अनुभव विचारले आणि १९९० च्या पुस्तकात त्याचा अर्थ लावला. निकाल आपल्या बाजूने लागला की नाही याइतकंच, बरेचदा त्याहून जास्त, लोक हे बघत होते: माझं ऐकून घेतलं का, सगळ्यांना एकच माप लावलं का, मला माणसासारखं वागवलं का. ज्यांना रीत बरोबर वाटली त्यांनी विरुद्ध गेलेला निकालही बराचसा मान्य केला. तुमचा डबा हे काम नऊ वर्षं चोख करत आलाय. डब्याबाहेर जे चालतं तिथे रीत नाही.

मग करायचं काय?

आधी तिसऱ्या मजल्यावर जा. फोन नको, ग्रुपही नको, आणि उंबऱ्यात उभं राहूनही नको. आत जाऊन बसा. तिला सांगा की दोन महिने मी घातले, तिसऱ्यांदा घालणार नाही, आणि मी घातले होते हे आता सगळ्यांना सांगणार आहे. कारण सांगणार नाही, ते तुझं तू ठरव. ते १०,००० तुमच्या दोघींमधले उसने म्हणून वहीच्या वेगळ्या पानावर जातील, भिशीच्या हिशेबात नाहीत. आणि पुढच्या पाच महिन्यांत तिला खरोखर किती जमेल ते तिच्या तोंडून काढा. महिना २,००० म्हणाली तर २,०००. देईन गं, देईन, हे उत्तर धरू नका. घरात कमावता हात गेला की बाईच्या नावचे पैसे सगळ्यांत आधी संपतात. नैरोबीच्या किबेरा वस्तीतल्या भिश्यांचा अभ्यास सीवन अँडरसन आणि झाँ-मारी बालाँ यांनी २००२ साली मांडला, त्यात बायका भिशीत का येतात याचं एक मोठं कारण हेच निघालं, की घरात ठेवलेला पैसा नवऱ्याच्या हाताला लागतो. तिचे ६०,००० कुठे गेले हे विचारू नका. तिने आपणहून सांगितलं तर ऐका.

मग बाकीच्या दहा जणींना बोलवा, येत्या ५ तारखेच्या आत. तिला यावंसं वाटलं तर तीही. ग्रुपवर लिहून भागणार नाही, चहा टाका. सुरुवात आपल्यापासून करा: दोन महिने मी पदरचे घातले, तुम्हाला न सांगता, ते चुकलं. एवढं बोललात की पुढचं निम्मं काम झालं, कारण त्या दोघींना जी भीती होती तिचा आकडा आता समोर आहे.

नंतर तो २५,००० चा कागद मांडा. ती जितके देईल ते वजा करून जी तूट राहील ती कुणी सोसायची? माझं मत स्पष्ट आहे. शेवटच्या पाच जणींवर ती टाकू नये, अकराही जणींनी वाटून घ्यावी. तिने काहीच दिलं नाही असं धरलं तरी ती माणशी २,२७३ रुपये होते, पाच महिन्यांत मिळून. तिने पुढे कधी फेडले तर त्याच मापाने परत. ज्यांनी उचललं त्यांतल्या एकदोघी म्हणतील, आम्ही का? त्यांना एवढंच विचारा, की तुमची चिठ्ठी अकराव्या महिन्यात निघाली असती तर काय म्हणाला असतात. पण हे मी सांगितलं म्हणून जाहीर करू नका. त्यांना ठरवू द्या. त्यांनी दुसरं काही ठरवलं, तर मला पटो न पटो, तेच चालेल.

पुढच्या वर्षाचे नियमही तिथेच ठरवा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पाणी, कुरणं, जंगलं पिढ्यान्‌पिढ्या मिळून सांभाळणारी गावं अभ्यासली आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या गावांमध्ये पहिल्या चुकीची शिक्षा अगदी किरकोळ असायची आणि पुन्हा चुकलं की वाढत जायची. नियम ज्यांना लागू त्यांनीच केलेले असायचे. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातली फड पद्धत आठवा. पांझरा, मोसम नद्यांच्या बंधाऱ्यांचं पाणी, शिवाराचे भाग म्हणजे फड, एका फडात एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवायचा ते मिळून ठरायचं, आणि शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असल्याने झळ एकट्यादुकट्याला लागायची नाही. तुमच्या २५,००० च्या तुटीला मी जे सुचवलं ते तिथलंच आहे.

भिशीत शिक्षा पैशाची नको, क्रमाची असू दे. एकदा उशीर झाला तर तिने स्वतः ग्रुपवर लिहायचं, अमुक तारखेला देते. कारण देण्याची सक्ती नाही. दोनदा झाला तर पुढच्या वर्षी तिची चिठ्ठी सहा महिने डब्यात पडणार नाही. भरवसा कमी झाला म्हणून आधी उचलायला मिळणार नाही, हे कुणालाही समजतं, आणि ते ५० रुपये देऊन विकतही घेता येत नाही. खरी अडचण आली तर दोघींनी नंबर अदलाबदल करायचा, पण सगळ्यांना सांगून. हा नियम तुमच्या मैत्रिणीलाही लागेल. तिने पुढच्या वर्षी भिशीतून थोडं बाहेर राहायचं म्हटलं तर जाऊ द्या. रुसून नाही, हिशेब पुरा करून गेली म्हणजे परत येता येतं.

राहिली तुमची पहिली भिशी. ती सोडा असं मी म्हणत नाही. विषय तुम्हीच काढा आणि चहाचे कप उचलण्याच्या निमित्ताने पाच मिनिटं आत जा. त्या म्हणाल्या, ‘तुमचीच पहिली राहू दे, एवढं करता तुम्ही,’ तर तोंडं वाकडी व्हायचं एक कारण गेलं. पहिली नको पण वही दरवर्षी वेगळीने ठेवू या म्हणाल्या, तर तगाद्याचे फोनही तुमच्यामागचे सुटले. गप्प बसल्या, तर उत्तर मिळालं असं समजा आणि जानेवारीत डब्यात बारावी चिठ्ठी टाका.

बंद करायचा निर्णय त्या बैठकीआधी घेऊ नका. आणि या ५ तारखेला बारावा स्क्रीनशॉट आला नाही, तर ज्या बाईची भिशी असेल तिला जितके जमलेत तितकेच द्या, आणि किती कमी आहेत ते सगळ्यांसमोर मोजून द्या.